चौथ्या गाण्याची जागा

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या डोक्यावर तीन मिनिटं आठ सेकंद काहीही वाजत नसे.

यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण त्याआधी तिथे तीन इंग्रजी गाणी दणक्यात वाजलेली असत. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान महाडच्या बाजारपेठेत, वर लाकडी माडी, आणि माडीची जमीन हेच माझं छप्पर. गाणी सुरू झाली की फळ्यांच्या फटींतून धूळ गळायची, ताटलीतले बारीक स्क्रू नाचायला लागायचे आणि मी डोळ्याचं भिंग काढून काम बाजूला ठेवायचो. एक गाणं, दुसरं गाणं, तिसरं गाणं. मग एकदम सामसूम. वीज गेलेली नसायची, कारण माझा पंखा चालू असायचा. कोणी भेटायलाही आलेलं नसायचं, कारण जिना माझ्या दुकानाला लागूनच होता. तीन मिनिटं आठ सेकंद झाले की पुन्हा फळ्या हादरायच्या आणि पुढची गाणी न थांबता वाजायची.

पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. सेकंद मोजणं हा आमच्या धंद्यातला रोग आहे. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना लोक नवरीकडे बघतात, मी भटजींच्या मनगटाकडे बघतो. एखादी शांतता इतकी वेळेवर येते आणि वेळेवर जाते म्हटल्यावर मला चैन पडणं शक्यच नव्हतं.

माडीवर राहायचे लक्ष्मण कळंबे. बाजारात सगळे त्यांना 'बोटवाले कळंबे' म्हणत, मी कळंबेकाका म्हणायचो. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर एक दहा-बारा घरांची वाडी आहे, तिथले ते मूळचे. गुरांमागे फिरण्यात लहानपण गेलं, मिसरूड फुटल्यावर मुंबई गाठली आणि तिथून कोणाच्या तरी ओळखीने मालवाहू बोटीवर चढले. बोटीच्या लाँड्रीत त्यांनी आयुष्यभर इस्त्री केली. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन महाडात आले आणि ही माडी भाड्याने घेतली. मी माझं दुकान इथे हलवलं तेव्हा काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे मी त्यांना पाहिलेलं नाही. एकुलती एक मुलगी मुंबईला दिलेली. काका एकटेच असायचे.

बोट सुटली, पण इस्त्री सुटली नाही. चुरगळलेली वस्तू त्यांना बघवत नसे. सकाळचं वर्तमानपत्र ते आधी इस्त्री करत आणि मग वाचत. बाजाराची पिशवी, कॅलेंडरचं फाडलेलं पान, एसटीचं तिकीट, सगळ्यावरून इस्त्री फिरायची. शेजारच्या किराणा दुकानदाराच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या शेल्याला आडवी घडी पडलेली काकांना दिसली. ते काही वेळ खुर्चीत चुळबुळले, मग सरळ बोहल्यावर जाऊन त्यांनी शेला काढून घेतला आणि नाहीसे झाले. अंतरपाट धरला तरी शेला नाही. शेवटच्या मंगलाष्टकाला काका धापा टाकत आले आणि शेला नवरदेवाच्या खांद्यावर टाकला. तो अजून गरम होता. नवरदेव असा काही दचकला की करवलीच्या हातातला दिवाच विझला.

दुसरी सवय बोलण्याची. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा निकाल एकच असायचा: "बरोबर हाय, पन पुरं नाय."

डॉक्टरांनी गुडघेदुखीचं कारण सांगितलं, बरोबर हाय, पन पुरं नाय. निवडणुकीचा निकाल लागला, तेच. माझ्या मुलीला दहावीला पंच्याऐंशी टक्के पडले तेव्हा पेढा तोंडात टाकत त्यांनी तेच सांगितलं आणि मुलगी दोन दिवस रुसली. काय पुरं नाही ते मात्र ते कधी सांगत नसत. आमच्या घरी पुरणपोळीला बोलावलं होतं. सात पोळ्या झाल्यावर शुभदाने, म्हणजे माझ्या बायकोने, कौतुकाने विचारलं, "काका, कशा झाल्यात?" काका म्हणाले, "बरोबर हायत, पन पुरं नाय." शुभदाने मुकाट्याने आठवी वाढली. त्या एका बाबतीत कोडं सुटलं.

आमची खरी ओळख झाली ती त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरमुळे. एक दिवस ते तो उचलून दुकानात घेऊन आले.

"भाऊ, ह्यो मंद चाललाय."

"काका, मी घड्याळं दुरुस्त करतो."

"मंग? घड्याळ मंद चाललं तर काय करता? तेच करायचं."

उघडून बघितला तर आतला रबरी पट्टा सैल झाला होता. तसला पट्टा महाडातच काय, पनवेलपर्यंत कुठे मिळाला नसता. मी सायकलच्या ट्यूबची एक बारीक गोल पट्टी कापली आणि बसवली. वेग तपासायला तबकडीच्या कडेला खडूची खूण केली. ही रेकॉर्ड तीन मिनिटांत बरोबर शंभर वेढे घेते, हे मला तेव्हा कळलं. काका वेढे मोजायचे, मी सेकंद बघायचो. पहिल्यांदा ब्याण्णव भरले. पट्टी आणखी आखूड केली, सत्त्याण्णव. तीन दिवस आम्ही दोघं गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवून वेढे मोजत होतो. चौथ्या दिवशी शंभर भरले तेव्हा काकांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी जन्मात इतकी घड्याळं चालू केली, पण असा हात कोणी दाबलेला नव्हता.

त्या रविवारी त्यांनी मला वर बोलावलं. रेकॉर्ड उशीच्या अभ्र्यात ठेवलेली. अभ्रा इस्त्रीचा, हे सांगायला नकोच. त्यांच्याकडे रेकॉर्ड एकच होती. कव्हरवर कपाळावर केसांचा कोंबडा काढलेला एक अमेरिकन गायक गिटार घेऊन वाकडा उभा होता. काका त्याचं नाव कधी घेत नसत, 'आमचा कोंबडेवाला' म्हणत. कव्हरच्या डाव्या बाजूला चार बोटं रुंदीचा एक कागदी पट्टा गुंडाळलेला होता आणि त्यावर वरून खाली जपानी अक्षरं होती. तो पट्टा काकांनी दोन बोटांनी असा हळुवार सरकवून काढला की मी नकळत पायातल्या चपला काढल्या.

"कोबे बंदरात घेतली," ते म्हणाले. "वीस-पंचवीस वर्षं झाली, पट्ट्याला एक सुरकुती नाय. पुराचं पानी बाजारात शिरतं तवा लोक तांदूळ वर चढवतात. मी आधी हिला उचलतो."

"पण काका, तुम्ही माडीवर राहता. तुम्हाला वर कुठे चढवायची?"

"पत्र्यावर," ते म्हणाले.

गाणी सुरू झाली. माझं इंग्रजी संगीताचं ज्ञान बेताचं, पण ती गाणी अशी होती की पाय आपोआप हलावा. खाली स्क्रू का नाचतात ते मला वर बसल्यावर पटलं. तिसरं गाणं संपताच काका उठले, त्यांनी सुईचा दांडा अलगद उचलून बाजूला ठेवला, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले. डोळे उघडे. ओठ हलतायत न हलतायत असे. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर ठेका धरून होता. रेकॉर्ड नुसती फिरत होती. मी चोरून घड्याळ बघितलं. बरोबर तीन मिनिटं आठ सेकंदांनी त्यांनी दांडा पुन्हा ठेवला.

मी विचारलं, "मध्ये काय झालं?"

"काय व्हायचंय? पुढचं लागलं की."

घरी या विषयावर आमचे दोन पक्ष पडले. शुभदाचं म्हणणं, इस्त्री तापते तशी सुईही तापत असणार, म्हणून ते तिला निववतात. माझं म्हणणं, सुईला निवायला तीन मिनिटं लागतील, वरचे आठ सेकंद कशाला? शुभदा म्हणाली, "मग जाऊन विचारा आणि मला जेवू द्या."

अर्धं उत्तर अचानक चालत आलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्र बसवायला एक जपानी इंजिनियर आला होता. तो घड्याळाचा पट्टा बदलायला माझ्या दुकानात शिरला आणि नेमके काका जिन्यावरून उतरत होते. त्यांनी त्याला बघितलं, उलट्या पावली वर गेले आणि अभ्रा घेऊन खाली आले. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांचं फार छान जमलं. इंजिनियरने कागदी पट्टा वाचला. त्यावर लिहिलं होतं की ही खास जपानच्या बाजारासाठी नव्याने बांधलेली रेकॉर्ड आहे. अमेरिकेतल्या मूळ रेकॉर्डमधलं एक गाणं काढलंय आणि जपानात चालणारं दुसरं एक शेवटी घातलंय.

"आय नो," काका कडक आवाजात म्हणाले. "नंबर फोर. व्हेअर नंबर फोर?"

इंजिनियरने त्यांच्याकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं आणि सरळ कमरेत वाकून माफी मागितली. रेकॉर्ड अमेरिकन कंपनीची, गाणं काढलं तेव्हा हा शाळेत असेल, तरी बिचारा वाकला. मग काकाही वाकले. ते वाकलेले बघून तो आणखी वाकला. आधी सरळ कोणी व्हायचं हे ठरेना. समोरचा केळीवाला गाडी सोडून बघायला आला. शेवटी मीच घड्याळाचा पट्टा पुढे केला तेव्हा दोघंही उभे राहिले.

मला वाटलं, कोडं सुटलं. काकांना अपुरी वस्तू खपत नाही. परदेशच्या बाजारासाठी कंपनीने रेकॉर्डची बांधणी बदलली, चौथं गाणं गाळलं, आणि हा गृहस्थ इतक्या वर्षांनंतरही त्या गाण्याची जागा मोकळी सोडतोय, पंगतीत न आलेल्या पाहुण्याचं पान मांडून ठेवावं तशी. मी मोठ्या ऐटीत माझा शोध त्यांना सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय, पन पुरं नाय."

मी तिथेच सोडून द्यायला हवं होतं. पण पुढच्या वर्षभरात एक नवीनच गोष्ट माझ्या लक्षात आली. शांतता आखडत चालली होती. पावसाळ्यात ती तीन मिनिटांवर आली. दिवाळीत दोन मिनिटं पन्नास. शिमग्याला दोन मिनिटं तीस. मी दुकानातली तीन घड्याळं लावून पाहिली. तिघांचं एकमत होतं.

एका सोमवारी काका खाली आले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी काचेवर ठेवलं.

"ह्ये पुढं धावतंय का मागं, जरा बघा."

मी रात्रभर ठेवून तपासलं. घड्याळ उत्तम होतं. तसं सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. घड्याळ बिघडलेलं नाही म्हणून दुःखी झालेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पुन्हा बघा, भाऊ."

"काका, दिवसाला दोन सेकंदांचा फरक आहे. कारखान्यातून येतात तेव्हाही इतकी बरोबर नसतात."

"आठवडाभर ठेवून घ्या. उघडून बघा. काय तरी आसंल."

आठवड्यानंतर मी घड्याळ परत दिलं तेव्हा त्यांनी ते मनगटावर न बांधता खिशात टाकलं. 'बरोबर हाय'सुद्धा म्हणाले नाहीत.

मला त्यांची काळजी वाटायला लागली, आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही गप्प बसू देईना. माझा मेहुणा मुंबईला असतो. त्याला मी कव्हरचं वर्णन कळवलं आणि मूळ अमेरिकन रेकॉर्डमधलं चौथं गाणं कुठूनही पैदा कर म्हणून पिच्छा पुरवला. दोन महिन्यांनी त्याने एका दुकानात त्याची सीडी शोधली आणि कॅसेटवर गाणं उतरवून पाठवलं. रविवारी सकाळी काकांनी वर बाजा सुरू करण्याआधीच मी त्यांना दुकानात बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि काही न बोलता टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

कोंबडेवाला गाऊ लागला. काका मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होतो. गाणं दोन मिनिटं बारा सेकंदांत संपलं. मला आकडा खटकला.

"बरोबर हाय," काका म्हणाले.

मी वाट बघितली. वाक्याचा उरलेला अर्धा भाग आलाच नाही.

"हेच ना ते गाणं?"

"गानं हेच. पन माझ्याकडं जे वाजतं ते ह्ये नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्याकडं अनसू गायची."

अनसू म्हणजे अनसूया, त्यांची बायको. मग त्या सकाळी त्यांनी पहिल्यांदाच एखादी गोष्ट पुरती सांगितली.

मूळ अमेरिकन रेकॉर्ड बोटीवरच्या रेडिओ ऑफिसरची होती. एका गणपतीला काका रजेवर निघाले तेव्हा ती त्याने उसनी दिली. काकांनी बॅटरीवर चालणारा प्लेअर घेतला होता, तो डोक्यावरून वाडीवर चढवला. वाडीत तोवर रेडिओसुद्धा नव्हता. सगळ्या बायाबापड्या खळ्यात जमल्या. अनसूकाकूंना चौथं गाणं आवडलं. त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर डोकीवर भारा घेऊन डोंगर उतरता येतोय." आणि खरंच त्या चालीवर त्या भारा घेऊन उतरायच्या. दोन महिने रोज वाजवलं. रेकॉर्ड परत करायची होती म्हणून जाताना काकांनी वचन दिलं, पुढच्या खेपेला आपली स्वतःची आणतो.

"कोबेला तेच कव्हर दिसलं. बघितलं आनि घेतली. मागं गान्यांची यादी सगळी जपानी. मला काय ठावं? दीड वर्षानं घरी आलो. सगळी वाडी पुन्हा जमली. तिसरं संपलं, आनि पाचवंच लागलं."

"मग?"

"मंग काय? ती म्हनली, 'आनि माझं कुठं हाय?' मी तोंड लपवायला जागा शोधत व्हतो. तिनं काय केलं? उठली, सुई उचलली आनि स्वतः गायला लागली. इंग्रजी तिला कुठलं येतंय? चाल ती, शब्द तिचे. म्हशीचं, भाताचं, कायबाय. पुरं झाल्यावर सुई ठेवली आनि म्हनली, 'हां, आता वाजू दे तुझ्या कोंबडेवाल्याला.' तवापासनं आमच्याकडं चार नंबर तिचाच."

म्हणून तीन मिनिटं आठ सेकंद. अनसूकाकू कोंबडेवाल्यापेक्षा संथ गायच्या आणि कडवीही जास्त होती. त्या गेल्यावर काका दर रविवारी सुई उचलून ते गाणं मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचे. घड्याळ लावायचे ते एवढ्यासाठीच, की सगळं आठवलं की नाही ते कळावं.

"पयलं कडवं हाय. दुसरं हाय. तिसरं गेलं," काका म्हणाले. "शोधतोय, सापडत नाय. आता चौथ्याच्या दोन ओळी बी सरकायला लागल्यात. मला वाटलं घड्याळच मागं पडतंय."

मी भिंग पुसत बसलो. गाणं कुठे लिहिलेलं नव्हतं, कुठे भरून ठेवलेलं नव्हतं. ज्या माणसाने कागदाच्या पट्ट्याला पंचवीस वर्षं सुरकुती पडू दिली नाही, त्याच्या डोक्यातून ते कडव्याकडव्याने निघून चाललं होतं आणि त्याला ते सेकंदांत मोजता येत होतं.

"वाडीवर कोणाला आठवत असेल, काका. खळ्यात सगळ्यांनी ऐकलंय म्हणता ना?"

"मी वर जात नाय."

"का?"

"तिच्याबगर जाऊन करू काय? कुलूप काढायचं, बघायचं आनि पुन्हा लावायचं."

मी सहसा कोणाला आग्रह करत नाही. पण त्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी काकांच्या मागे लागलो. शुभदाने तर त्यांना दम दिला की वाडीवर गेला नाहीत तर पुरणपोळी बंद. शेवटी गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोलादपूरला उतरलो, जीपने रस्ता संपेपर्यंत गेलो आणि पुढे डोंगर चढलो. काका सत्तरीला आलेले, तरी गुडघे धरत माझ्या पुढे. मी दर वळणावर बसत होतो. "घड्याळवाले, तुमचा पट्टा सैल झालाय," एवढं ते एकदा म्हणाले.

वाडीच्या तोंडाशीच त्यांच्या चुलत भावजय भेटल्या, हौसावहिनी. हातात गवताचा भारा. त्यांनी काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वाट गावली म्हनायची, लक्षुमनभावजी."

काकांनी स्वतःच्या घराचं कुलूप लांबूनच बघितलं आणि हौसावहिनींच्या ओटीवर येऊन बसले. जेवणं झाली. मी दोन-तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला, पण काका डोळ्यांनी मला दाबत होते. विचारलं आणि कोणालाच आठवत नसलं तर, ही भीती मला दिसत होती.

तिसऱ्या प्रहरी खळ्यात बाया फुगड्या घालायला जमल्या. मुंबईहून आलेल्या सुना, माहेरवाशिणी, पोरी. नेहमीची दोन-तीन गाणी झाली. मग एक लेकुरवाळी मध्ये आली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "आता डोंगराचं घ्या गो."

सगळ्यांनी पायांनी ठेका धरला. मला क्षणभर कळेना की हा ठेका मी कुठे ऐकलाय. मग लक्षात आलं, माडीवर रेकॉर्ड नुसती फिरत होती तेव्हा काकांच्या पायाचा अंगठा ह्याच ठेक्यावर हलत होता. कोंबडेवाल्याचे ढोल आणि गिटार गेले होते, त्यांच्या जागी टाचा आणि बांगड्या आल्या होत्या. चाल मात्र कॅसेटवरचीच, थोडी संथ.

"म्हस गेली डोंगराला गो, डोंगराला," बायांनी उचललं.

काका ओटीवरून उठून उभे राहिले होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. माझा हात सवयीने घड्याळावर गेलेलाच होता. तिसरं सुरू झालं.

धनी माझा बोटीवर गो, बोटीवर,
परक्याच्या सदऱ्याला इस्त्री कर,
माझं लुगडं चुरगळलं गो, चुरगळलं,
येशील तवा सरळ कर.

बाया खिदळत होत्या, त्यांच्यासाठी ते थट्टेचं कडवं होतं. काकांनी ओटीचा खांब धरला. ह्याच ओळी त्यांना गेलं वर्षभर सापडत नव्हत्या.

हौसावहिनी माझ्या बाजूला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अनसूचं गानं ह्ये. गौरीला दर साली लागतंय. पोरी सासरी गेल्या त्या घेऊन गेल्या. तुडीलला म्हनतात, दासगावला म्हनतात. तुडीलकरनींनी दोन कडवी काढली आनि नदीचं एक घातलंय."

"काढली?" काका एकदम वळले. "कोनाला इचारून काढली?"

"तिकडं डोंगर कुठं हाय, भावजी? त्यांच्याकडं नदी. त्यांना काय चालंल तसं त्यांनी घेतलं."

मग काका हसायला लागले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. उपरणं चुरगळलं तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

गाणं संपलं. काकांनी खिशातून घड्याळ काढलं आणि ओशाळून माझ्याकडे बघितलं. वेळ लावायची ते विसरले होते.

"तीन मिनिटं आठ सेकंद, काका," मी म्हणालो.

"पुरं हाय," ते म्हणाले.

मग ते स्वतःच्या घराकडे गेले. कुलूप गंजलं होतं, ते मी दुकानातल्या तेलाच्या बाटलीने सोडवलं. ती माझ्या खिशात नेहमी असते. आत अंधार होता आणि उंदरांचा वास. काकांनी ट्रंक उघडून एक हिरवं लुगडं काढलं. सात-आठ वर्षं तसंच पडलेलं, चुरगळून बोळा झालेलं. वाडीवर इस्त्री कोणाकडेच नव्हती. त्यांनी हौसावहिनींच्या चुलीतले निखारे पितळी तांब्यात घातले, फडक्याने तांब्या धरला, ओटीवर चादर अंथरली आणि गुडघ्यावर बसले. मी लुगड्याचं दुसरं टोक ताणून धरलं. नऊ वार लुगडं, तांब्याचं बूड वितीएवढं. खळ्यात बायांचं दुसरंच काही चालू होतं. काका एकेक वीत पुढे सरकत होते, तांब्या निवला की नवे निखारे घालत होते, आणि जिथून तांब्या जायचा तिथून कापड सरळ होत यायचं.

शेवटी पदर आला. त्याच्या कोपऱ्याला एक जुनी, पक्की चुणी होती. तिथे काकू किल्ली बांधायच्या, घराची. तांब्या अजून गरम होता. मी कोपरा ताणून त्यांच्यापुढे धरला.

काकांनी त्या चुणीवरून बोट फिरवलं.

"ती ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि पदराची घडी घालायला लागले.